चार विजेतेपदं, 28वा क्रमांक आणि तरी देशाचा लाडका: जुआंव सोझा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा चौदा वर्षांचा आहे, टेनिस खेळतो, आणि 2022 साली पुण्यात बालेवाडीची अंतिम लढत पाहिल्यापासून पोर्तुगालच्या जुआंव सोझा या टेनिसपटूचा भक्त झालाय. तुम्ही कुतूहलाने सोझाची कारकीर्द चाळली आणि चक्रावलात. सर्वोच्च क्रमांक 28. विजेतेपदं चार, तीही सगळी 250 दर्जाची, म्हणजे मुख्य दौऱ्यातल्या सर्वांत खालच्या पायरीची. बारा अंतिम लढतींपैकी आठ हरलेल्या. ग्रँड स्लॅममध्ये चौथ्या फेरीच्या पुढे कधी मजल नाही. मग पोर्तुगालमध्ये त्याचं एवढं कौतुक कशाला, लहान देशाची हौस म्हणून सोडून द्यायचं का, असं तुम्ही विचारलंत. आणि जाता जाता हेही, की तो पंधराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला, मग आम्हीही मुलाला पाठवावं का?

मी पुण्यात बरीच वर्षं मुलांना टेनिस शिकवतोय. तुमच्यासारखे प्रश्न कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेले पालक नेहमी विचारतात, फक्त खेळाडूचं नाव बदलतं. माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत: टेनिसमध्ये चांगली कारकीर्द कशाला म्हणायचं? ते एकदा नीट बसलं की सोझाचं मोठेपणही कळतं, आणि मुलाच्या बाबतीत काय करायचं हेही थोडंफार सुचतं. थोडंफारच म्हणतो, कारण दुसऱ्या भागात बरंच काही तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ती मला माहीत नाही.

आधी 28 या आकड्याकडे बघू. आपण टीव्हीवर टेनिस बघतो ते उपांत्य फेरीपासून. त्यामुळे आपल्याला वाटतं की टेनिस म्हणजे आठ-दहा माणसांचा खेळ, बाकीचे नुसते हरायला येतात. प्रत्यक्षात ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 जण असतात. त्यातल्या साधारण 104 जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो, 16 जण पात्रता फेरी खेळून येतात आणि 8 जागा वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांनी आपल्या मर्जीने दिलेल्या. म्हणजे जगात पहिल्या शंभरात असणं हीच धंद्याची खरी सीमारेषा आहे. रेषेच्या आत असलात तर वर्षातून चार वेळा मोठ्या स्पर्धेत नाव आपोआप लागतं आणि पहिल्या फेरीत हरलात तरी वर्षाचा खर्च निघतो. रेषेच्या बाहेर असलात तर चॅलेंजर या खालच्या दर्जाच्या स्पर्धांमध्ये गावोगाव फिरायचं, आणि प्रशिक्षकाचं तिकीट कोणी काढायचं यावर घरात चर्चा.

शिवाय ही जागा कायमची नसते. क्रमवारी 52 आठवड्यांची असते; मागच्या वर्षी याच आठवड्यात कमावलेले गुण यंदा गळून पडतात. भाड्याच्या घरासारखं आहे, करार दरवर्षी नव्याने करायचा. 250 दर्जाच्या मुख्य फेरीत गेलात आणि पहिलीच लढत हरलात तर हातात शून्य गुण. सलग पाच-सहा आठवडे असे गेले की चांगला खेळाडूही घसरायला लागतो. सोझा 2012 मध्ये पहिल्यांदा शंभरात आला, मे 2016 मध्ये 28वा झाला, आणि 2019 साली विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत खेळत होता. मधली सगळी वर्षं त्याने ते घर राखलं. पालक मला विचारतात, ट्रॉफी किती? मी म्हणतो, शंभरात वर्षं किती ते आधी बघा.

आता पोर्तुगाल. तिथे खेळ म्हणजे फुटबॉल. देशात क्रीडा विषयाची तीन दैनिकं निघतात आणि तिन्हींची पानं बेनफिका, पोर्टो आणि स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबांनीच भरलेली असतात. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. लिस्बनजवळ 1990 पासून एस्टोरिल ओपन ही मोठी स्पर्धा भरायची, जगातले नामवंत यायचे, पण घरचा खेळाडू जिंकत नव्हता. सोझाच्या आधी नुनो मार्किश होता, फ्रेडेरिको जिल होता, रुई मशादो होता. जिल 2010 मध्ये एस्टोरिलच्या अंतिम फेरीत पोचला, एटीपी, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यातल्या एकेरीची अंतिम फेरी गाठणारा पहिला पोर्तुगीज, आणि तिथे स्पेनच्या आल्बर्ट मोंतान्येसकडून हरला. म्हणजे 2013 पर्यंत पोर्तुगालच्या एकाही पुरुषाच्या नावावर एटीपी एकेरीचं विजेतेपद नव्हतं. शेजारी स्पेन, जिथे प्रत्येक पिढीत चॅम्पियन निघतात. ही बोच किती असेल, कल्पना करा.

सोझा गिमारायश या गावचा, जन्म मार्च 1989. वडील न्यायाधीश, हौशी टेनिसपटू, आई बँकेत. गिमारायशला पोर्तुगालची जन्मभूमी मानतात, जुन्या तटबंदीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच आहे. पहिला राजा आफोन्सो एन्रिकेश याचं नाव या गावाशी जोडलेलं, आणि त्याला विजेता म्हणत. तीच पदवी, 'कोंकिश्तादोर', पुढे लोकांनी सोझाला लावली. आपल्याकडे अशी टोपणनावं उगाच वाटली जातात, पण इथे ती आधी गावच्या इतिहासातून आली आणि मग पोराने ती कमावली.

कमावली ती क्वालालंपूरला. 2013 चा सप्टेंबर. त्याच महिन्यात तो यूएस ओपनच्या तिसऱ्या फेरीपर्यंत गेला होता; पहिल्या फेरीत ग्रिगोर दिमित्रोवला पाच सेटमध्ये काढलं, आणि तिसऱ्या फेरीत जोकोविचने त्याला चार गेम दिले. हो, चारच. 6-0, 6-2, 6-2. बरेच खेळाडू अशा सामन्यानंतर महिनाभर कोशात जातात. सोझा मलेशियाला गेला, क्रमांक 77. उपांत्यपूर्व फेरीत समोर डेव्हिड फेरेर, जगात चौथा, त्याच वर्षीचा फ्रेंच ओपनचा उपविजेता. त्याला हरवलं. मग युर्गन मेल्झरला. अंतिम फेरीत फ्रान्सचा जुलियाँ बेनेतो, बिचारा आधीच आठ अंतिम लढती हरलेला. पहिला सेट बेनेतोने 6-2 असा घेतला, दुसऱ्या सेटमध्ये त्याच्याकडे मॅच पॉइंट होता, म्हणजे आणखी एक पॉइंट आणि सामना खिशात. सोझाने तो वाचवला, सेट 7-5 आणि तिसरा 6-4 असा जिंकला. पोर्तुगालचं पहिलं विजेतेपद. बेनेतोसाठी नववा पराभव. टेनिस असंच निर्दयी आहे. एका चेंडूवर दोन देशांच्या कहाण्या उलट्या झाल्या.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक, पहिला म्हणून मान. पण पहिला असल्यामुळे माणूस विश्वकोशात जातो. लाडका व्हायला आणखी काही लागतं. माझ्या मते सोझाच्या बाबतीत ते दोन गोष्टींतून आलं.

एक म्हणजे तो सतत दिसत राहिला. हे मी फार महत्त्वाचं मानतो. काही खेळाडू एकदा चमकतात आणि मग आठवणीत उरतात. सोझा दर हंगामात कुठेतरी होता. 2014 मध्ये यूएस ओपनला मानांकन मिळालं, म्हणजे पहिल्या 32 खेळाडूंत गणना झाली, ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकन मिळालेला पहिला पोर्तुगीज. त्याच वर्षी बास्ताद आणि मेट्झच्या अंतिम फेऱ्या हरला. 2015 मध्ये जिनिव्हा, उमाग, सेंट पीटर्सबर्ग अशा तीन अंतिम लढती हरून वर्षाअखेरीला वालेन्सियात बाउतिस्ता आगुतला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर पहिला सेट गमावून हरवलं. 2016 मध्ये माद्रिदला उपांत्यपूर्व फेरीत नदालसमोर पहिला सेट 6-0 असा गेला. दुसरा सोझाने घेतला, तिसरा 6-3 असा हरला. 2018 च्या मार्चमध्ये इंडियन वेल्सला अलेक्झांडर झ्वेरेव्हला काढलं. डेव्हिस कप या देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेला येत राहिला. 2017 मध्ये जर्मनीविरुद्ध वर्ल्ड ग्रुपची, म्हणजे त्या स्पर्धेच्या सर्वांत वरच्या गटाची दारं ठोठावली, 2-3 असा सामना गेला. तुम्ही मोजलेले ते आठ पराभव मी वेगळ्या बाजूने वाचतो. अंतिम फेरीत हरायला आधी तीन-चार लढती जिंकाव्या लागतात. आठवड्यामागून आठवडा माणूस शनिवारपर्यंत स्पर्धेत टिकून आहे, हे लोक बघत असतात.

दुसरी गोष्ट त्याचा स्वभाव. सोझा कोर्टवर शांत नव्हता. प्रशिक्षकाकडे बघून हातवारे, स्वतःशीच वाद, चांगला फटका बसला की मूठ वळून गर्जना. मी माझ्या मुलांना हे सगळं कॉपी करू देत नाही, हे आधी सांगतो. चौदा वर्षांच्या पोराने बाकाकडे बघून हातवारे केले की त्याचं लक्ष पुढच्या पॉइंटवरून उडतं. पण प्रेक्षकाला मात्र या माणसाच्या मनात काय चाललंय ते वरच्या रांगेतूनही कळत होतं. फुटबॉलवर वाढलेल्या प्रेक्षकाला अबोल टेनिसपटू समजायला वेळ लागतो. सोझा समजायला वेळ लागत नव्हता.

आणि मग 2018 चं एस्टोरिल. हे तुमच्या मुलासोबत बसून बघा, पुण्याच्या सामन्याआधी. तोवर त्याला घरच्या मातीवर एटीपी विजेतेपद मिळालं नव्हतं आणि त्याचं ओझं खेळात दिसायचं. सोडतही सोपी नव्हती. पहिल्या फेरीत डॅनिल मेदवेदेव्ह. दुसऱ्यात पेद्रो सोझा, हाही पोर्तुगीज, नात्यातला नव्हे, पण वर्षानुवर्षं ओळखीचा. त्याच्याविरुद्ध मॅच पॉइंट वाचवून कसाबसा निसटला. मग काइल एडमंड. उपांत्य फेरीत त्सित्सिपास, तेव्हा एकोणीस वर्षांचा. अंतिम फेरीत अमेरिकेचा फ्रान्सिस टियाफो, 6-4, 6-4. आज ही नावं वाचली की आपण चमकतो, कारण मेदवेदेव्ह आणि त्सित्सिपास पुढे कुठे गेले ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा ते होतकरू होते. पण मातीवर तरुण, ताकदवान, सपाट मारणाऱ्या खेळाडूंना कसं अडवायचं याचा तो आठवडा म्हणजे शिकवणीच आहे. त्या स्पर्धेत याआधी कोणत्याही पोर्तुगीजाने एकेरी जिंकली नव्हती.

आता खेळाबद्दल, कारण तुमच्या मुलाला याचाच जास्त उपयोग. सोझा उजव्या हाताचा, बॅकहँड दोन हातांचा, सर्व्हिस चांगली पण सामना एकटी जिंकून देईल अशी नाही. त्याचं सगळं घर फोरहँडवर उभं होतं. नीट बघा: चेंडू त्याच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात आला की तो बॅकहँड मारत नाही. डावीकडे सरकतो, खांदे आधीच वळलेले असतात, आणि त्या कोपऱ्यातून फोरहँडने समोरच्याच्या बॅकहँडवर उंच, भरपूर टॉपस्पिन असलेला चेंडू टाकतो. समोरच्याला खांद्याच्या उंचीवर बॅकहँड मारायला लागला की परत येणारा चेंडू आखूड पडतो, आणि पुढचा फोरहँड समोरच्याच्या मोकळ्या उजव्या बाजूला.

हे सांगायला सोपं. मी मुलांकडून करून घेतो तेव्हा डाव्या कोपऱ्यात एक शंकू ठेवतो आणि सांगतो की त्याला वळसा घालून मार. दहातली आठ मुलं एक मोठी ढांग टाकतात. मग चेंडू अंगाशी येतो, कोपर पोटाला चिकटतं आणि फटका जाळ्यात. सोझा ढांग टाकत नाही; समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी छोटी उडी, मग तीन-चार अगदी बारीक पावलं, शेवटचं पाऊल बाहेरच्या बाजूला. चेंडू मारताना त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये हातभर जागा असते. मुलाला म्हणावं, एक अख्खा सेट चेंडूकडे न बघता फक्त त्याचे बूट बघ. कंटाळा येईल, पण बघ.

याची किंमतही आहे. अर्धं कोर्ट उघडं टाकून तुम्ही डावीकडे जाता. त्यामुळे असा खेळाडू दिवसभर धावायला तयार हवा, आणि ज्या दिवशी पाय जड त्या दिवशी खेळ कोसळतो. सोझाचे सलग पराभवाचे काळ आले ते यामुळेच, असं मला वाटतं. वेगवान कोर्टवर, मोठ्या सर्व्हिसवाल्यासमोर त्याला वेळच मिळत नसे. तरीही 2018 मध्ये यूएस ओपनला आणि 2019 मध्ये विम्बल्डनच्या गवतावर तो चौथ्या फेरीत पोचला. विम्बल्डनला सिलिचला हरवलं, डॅन इव्हन्सला त्याच्याच देशात पाच सेटमध्ये. एकदा जोकोविचने थांबवलं, एकदा नदालने. ग्रँड स्लॅम एकेरीच्या चौथ्या फेरीत पोचणारा तो पहिला पोर्तुगीज पुरुष.

2019 चा हंगाम पायाच्या दुखापतीने लवकर संपला, मग कोरोना, आणि क्रमवारीतलं घर हातचं गेलं. 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीत हरून लकी लूझर म्हणून, म्हणजे कोणीतरी माघार घेतल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर आत आला. तिथून पुण्याला. क्रमांक 137, वय 32. उपांत्य फेरीत एलियास इमेरशी तीन सेट. अंतिम फेरीत फिनलंडचा एमिल रुसुवूरी, दहा वर्षांनी लहान. पहिल्या सेटचा टायब्रेक 11-9 पर्यंत गेला, सोझाने घेतला. दुसरा 4-6 असा हरला. तिसरा 6-1. बत्तीस वर्षांचा माणूस तिसऱ्या सेटमध्ये तरुणाला एक गेम देतो, तुमच्या मुलाने पाहिलं ते हे. या एका आठवड्याने तो पुन्हा शंभराच्या आत, 86 वर आला. मेमध्ये जिनिव्हाच्या अंतिम फेरीत कॅस्पर रूडकडून तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरला; रूड दोनच आठवड्यांनी फ्रेंच ओपनची अंतिम लढत खेळत होता. म्हणजे उतारावरच्या सोझाची पातळीही काय होती ते बघा. एप्रिल 2024 मध्ये एस्टोरिललाच आर्थर फिसविरुद्धच्या एकेरीच्या सामन्याने त्याने एकेरीचा निरोप घेतला.

जाता जाता आपल्याकडचं एक. भारताच्या पुरुषाने शेवटचं एटीपी एकेरी विजेतेपद मिळवलं ते 1998 मध्ये, लिअँडर पेसने न्यूपोर्टला. नंतर सोमदेव देववर्मन दोनदा अंतिम फेरीत पोचला, सुमित नागल 68 पर्यंत गेला. बालेवाडीची स्पर्धा 2018 ला चेन्नईहून पुण्यात आली, 2023 नंतर तीही गेली. तेव्हा 28वा क्रमांक आणि चार विजेतेपदं याला 'फक्त' म्हणायच्या आधी हे एकदा आठवा. मी टोमणा मारत नाही, तुमचा प्रश्न प्रामाणिक होता. पण आपण क्रिकेटच्या मोजपट्टीने टेनिस मोजतो. क्रिकेटमध्ये खरे दहा-बारा देश आहेत. टेनिसमध्ये अर्जेंटिनापासून कझाकस्तानपर्यंत सगळे त्याच रांगेत उभे असतात.

आता बार्सिलोना. सोझा पंधराव्या वर्षी गेला हे खरं. तिथे स्पॅनिश पद्धतीत घडला, फ्रेडेरिको मार्किश हा त्याच्याच देशाचा प्रशिक्षक त्याला तिथे मिळाला आणि कारकिर्दीचा मोठा काळ तोच सोबत राहिला. पण त्याच्यासाठी बार्सिलोना म्हणजे काय होतं ते समजून घ्या. त्याच द्वीपकल्पातलं शहर, व्हिसा नको, भाषा आठ-दहा महिन्यांत बोलता येण्यासारखी, घरी जायला दोनेक तासांचं विमान. स्पेनमध्ये खालच्या दर्जाच्या स्पर्धा जवळजवळ दर आठवड्याला, गाडीने जाता येतील अशा. हरलास तर सोमवारी परत अकादमीत. हा फायदा आपल्या मुलाला नसतो. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामायिक व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. त्यापुढे विद्यार्थी म्हणून वेगळी कागदपत्रं लागतात. नावाजलेल्या अकादमीत राहून शिकायचा खर्च वर्षाला लाखांत, आणि तोही दोन आकडी. स्पर्धांचा प्रवास वेगळा.

म्हणून मी पालकांना आधी तीन गोष्टी विचारतो. मुलाला स्वतःला जायचंय की तुम्हाला वाटतं त्याने जावं? इथे राहून त्याच्या वयोगटात तो देशात कुठे आहे, म्हणजे इथली स्पर्धा त्याला खरंच कमी पडू लागली आहे का? आणि तीन वर्षांनी काही झालं नाही तर शिक्षणाचं काय, याचं उत्तर घरात तयार आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ठाम हो असेल आणि तिसऱ्याचंही असेल, तर विचार करा. नाहीतर सुट्टीत पाच-सहा आठवडे पाठवा. युरोपातली लाल माती म्हणजे दळलेल्या विटांचा भुगा, आपल्या मातीच्या कोर्टपेक्षा पाय वेगळा घसरतो आणि चेंडू वेगळा उसळतो. एवढ्या आठवड्यांत मुलाला स्वतःलाच कळतं की त्याला हे आवडतं की नाही.

शिवाय सोझाच्याच देशात दुसरी वाट चालून दाखवणारा आहे. नुनो बोर्जेश, माइया गावचा, 1997 चा जन्म. तो अकादमीत न जाता अमेरिकेत मिसिसिपी स्टेट विद्यापीठात शिकला, कॉलेज टेनिस खेळला, पदवी घेतली आणि मग व्यावसायिक झाला. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन दोन्हीकडे चौथ्या फेरीत, जुलैमध्ये बास्तादच्या अंतिम फेरीत नदालला 6-3, 6-2 हरवून पहिलं विजेतेपद, आणि क्रमवारीत 30. सोझा 28, बोर्जेश 30. एक पंधराव्या वर्षी घर सोडून, दुसरा पदवी घेऊन. भारतीय मुलांसाठी मला बोर्जेशची वाट जास्त परवडणारी वाटते, कारण शिष्यवृत्ती मिळू शकते आणि टेनिस फसलं तरी हातात पदवी राहते. अर्थात तिथेही जागा मिळवायला सतरा-अठरापर्यंत इथे चांगलं खेळावं लागतं, आणि अभ्यास सोडून चालत नाही.

बोर्जेश, दुहेरीतला फ्रान्सिश्कू काब्राल, जैमी फारिया, एन्रिके रोशा ही जी नवी पोर्तुगीज मंडळी आहेत, ती सगळी सोझामुळेच आली असं मी म्हणणार नाही. संघटना, चॅलेंजर स्पर्धा, घरचे प्रशिक्षक, बरंच काही त्यामागे आहे. पण ही मुलं रॅकेट धरून मोठी होत होती तेव्हा टीव्हीवर त्यांच्याच भाषेत स्वतःशी भांडणारा एक माणूस जिंकताना दिसत होता. मुलांना शिकवणाऱ्याला याचं मोल माहीत असतं. मी तासभर जे समजावतो ते मूल विसरतं, आणि आपल्यासारखा दिसणारा कोणीतरी एकदा जिंकताना पाहिला की ते विसरत नाही.

तुमच्या मुलाबद्दल नेमकं काही सांगायचं तर मला आणखी माहिती लागेल: देशाच्या अंडर-14 क्रमवारीत तो कुठे आहे, आठवड्यात किती तास आणि कोणत्या कोर्टवर खेळतो, आणि मागच्या वर्षभरात काही दुखापत झाली का, विशेषतः गुडघा किंवा पाठ. या वयात उंची झपाट्याने वाढते, आणि त्या महिन्यांत तास वाढवण्याऐवजी कमी करावे लागतात. हे कळवलंत तर पुढचं बोलू. तोवर तो बुटांचा अभ्यास त्याला जरूर द्या.